बजेट जूनमध्येच का मोडतं? घरखर्चाबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकातले सगळे प्रश्न नागपूरचे आहेत. बहुतेकांचं दुखणं सारखंच: हिशोब लिहिला जातो, तरी पैसा पुरत नाही. वाचकांच्या इच्छेप्रमाणे नावं गाळली आहेत, आकडे त्यांनी दिलेले तसेच ठेवले आहेत.

यजमानांचा पगार हातात ४८,००० येतो. महिन्याचा खर्च ४०,००० च्या वर जात नाही, डायरीत रोजचं लिहिलेलं आहे. म्हणजे ८,००० उरायला हवेत. पण एप्रिल ते जुलै दर वर्षी उसनवारी होते आणि आता क्रेडिट कार्डाचं बिलही पूर्ण भरलं जात नाही. डायरी खोटी की मी? वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची यादी सोबत पाठवते आहे. (गृहिणी, मानेवाडा)

डायरी खरी आहे, पण ती महिन्याची आहे आणि तुमचं घर चालतं वर्षावर. तुम्ही सोबत पाठवलेली यादीच तुमचं खरं बजेट आहे. ती महिन्यांप्रमाणे लावू.

मार्चमध्ये आयुर्विम्याचा हप्ता १८,४००. एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य २०,००० (गहू २ क्विंटल, तांदूळ १ क्विंटल, तूरडाळ ३० किलो, बाकी डाळी, मिरची, हळद), कूलरच्या ताट्या (पाणी झिरपून हवा गार करणारे पडदे), पंप आणि दुरुस्ती ३,०००, वाढीव वीज १,८००, एकूण २४,८००. मेमध्ये लग्नाचे आहेर आणि प्रवास १०,००० आणि वीज १,८००. जूनमध्ये दोन मुलांच्या फीचा पहिला हप्ता १४,०००, पुस्तकं-वह्या-गणवेश ९,०००, वीज १,८००, पुन्हा २४,८००. (आपल्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण फीची तारीख काही थांबत नाही.) जुलैत घरपट्टी ४,२००. ऑगस्टमध्ये आरोग्यविमा १२,०००. सप्टेंबरमध्ये गणपती आणि महालक्ष्म्या ९,०००. ऑक्टोबरमध्ये फीचा दुसरा हप्ता १४,०००, दिवाळी १५,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००.

बेरीज १,३८,०००. बाराने भागली की ११,५००. म्हणजे तुमच्या घराचा महिन्याचा खर्च ४०,००० नसून ५१,५०० आहे आणि पगार ४८,०००. तूट महिन्याला ३,५००, वर्षाला ४२,०००. कार्डावर साचतंय ते हेच.

आता करायचं काय? एक वेगळं बचत खातं उघडा, त्याला ‘वार्षिक’ म्हणा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ११,५०० आपोआप तिकडे जातील अशी बँकेत कायमची सूचना द्या. हे खातं मोबाइलच्या यूपीआय अॅपला जोडू नका आणि त्याचं एटीएम कार्ड पर्समध्ये ठेवू नका. जोडलेल्या खात्यातला पैसा वार्षिक राहत नाही, चौथ्या आठवड्यात भाजीबाजारात जातो. आवर्ती ठेव इथे कामाची नाही, कारण तिचे पैसे मुदतीअखेर एकदम मिळतात आणि तुम्हाला ते वर्षातून आठ वेळा काढायचे आहेत. साधं बचत खातंच बरं, व्याज थोडं कमी मिळालं तरी चालेल.

सुरुवात कधी करायची याला फार महत्त्व आहे आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. नव्या वर्षाचा संकल्प म्हणून जानेवारीत सुरू केलंत तर जूनपर्यंत सहा हप्ते जमतात, ६९,०००. पण मार्च ते जून खर्च आहे ७९,८००. भर जूनमध्ये १०,८०० कमी पडतील, पुन्हा उसने घ्यावे लागतील आणि ‘बजेट आपल्याला जमत नाही’ असं वाटून सगळं सुटेल. तेच दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या पगारापासून सुरू केलं तर जूनची फी भरूनही खात्यात १२,२०० राहतात आणि वर्षभरात एकदाही ते उणे होत नाही. मधल्या महिन्यात सुरू करायची वेळ आली, तर पहिल्या वर्षी धान्य एकदम न भरता तिमाहीचं भरा. तेवढ्यानेही एप्रिलचा भार बराच हलका होतो.

धान्याबद्दल एक सांगायलाच हवं. इतवारीत किंवा कळमन्याहून ठोक भावाने भरलेलं धान्य स्वस्त पडतं हे खरं. समजा २०,००० च्या मालामागे चिल्लर भावापेक्षा २,५०० वाचले. पण ते २०,००० बिल न भरता कार्डावर बाकी ठेवले आणि महिना साडेतीन टक्के व्याज पडलं तर ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६. तीन महिन्यांत वाचलेले २,५०० व्याजात गेले, गव्हाला सोंडे लागण्याच्या आधीच! उधारीवर वर्षाचं धान्य भरू नये. शिवाय बिलाचा काही भाग बाकी ठेवला की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज धावतं. म्हणून कार्डाची बाकी आधी फेडा आणि ती फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा.

उरले तुटीचे ३,५००. भाजीत काटकसर करून ते निघणार नाहीत, प्रयत्नही करू नका. तुमच्या पत्रात गाडीचा ३,४०० चा हप्ता सप्टेंबरमध्ये संपतो असं आहे. तो ज्या महिन्यात संपेल त्याच महिन्यापासून तेवढी रक्कम ‘वार्षिक’ खात्यात वळवा. एक महिना जरी तो मोकळा राहिला तरी घरखर्चात विरघळतो आणि पुन्हा सापडत नाही. तोवरची तूट दिवाळी आणि आहेर या दोनच जागी कमी करता येते, बाकी यादीला हात लावायला जागा नाही.

फेब्रुवारीत ११० युनिट होते, मेमध्ये ३०० आले. बिल मात्र त्या मानाने कितीतरी जास्त. मीटरमध्ये दोष असेल का? (खामला)

बहुधा नाही. १८० वॉटचे दोन कूलर रोज १४ तास चालले तर ०.१८ × २ × १४, म्हणजे ५ युनिट, महिन्याला १५०. उन्हाळ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, पंखे दिवसभर फिरतात, त्याचे ४० धरा. झाले ३००.

बिल जास्त वाढतं ते टप्प्यांमुळे. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीहून जास्त, पुढे ३०१ ते ५०० आणि त्यावरचे आणखी महाग. फेब्रुवारीत महाग टप्प्यात तुमचे १० युनिट होते, मेमध्ये २०० झाले. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क. ‘एक युनिट जास्त झालं की सगळंच महाग दराने लागतं’ हा मात्र गैरसमज आहे. वरच्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर लागतो.

दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आठवड्याचे युनिट गुणिले ४.३ केलं की महिन्याचा अंदाज बिल यायच्या तीन आठवडे आधीच कळतो. आणि एक वेगळी रक्कम बजेटमध्ये धरा: आर्थिक वर्ष संपल्यावर सुरक्षा ठेव नव्याने मोजतात आणि फरकाचं स्वतंत्र बिल पाठवतात. कूलर-एसी वाढलेल्या घरात ते येतंच. ती ठेव आहे, दंड नाही, तिच्यावर व्याजही बिलातून मिळतं. पण भरायची वेळ नेमकी उन्हाळ्यात येते. ताट्यांचा खर्च टाळून वीज वाचत नाही, उलट होतं. खारं पाणी सुकून ताट्या कडक झाल्या की गारवा येत नाही आणि कूलर दिवसभर मोठ्या वेगावर ठेवावा लागतो.

खर्च नोंदवायचं अॅप घेतलं, त्यात खर्चाच्या प्रकारांची ३४ खाती केली. दोन महिने चाललं, मग कंटाळा आला. सगळा खर्च यूपीआयवर होतो, मग वेगळं लिहायची गरज काय? (प्रतापनगर)

३४ खात्यांचा हिशोब दुकानालाही जड जाईल. घराला आठ पुरतात: घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, किराणा-दूध-भाजी, वीज-गॅस-पाणी-मोबाइल, प्रवास-पेट्रोल, मुलांचं शिक्षण, औषधपाणी, बाहेरचं खाणं-करमणूक, आणि ‘वार्षिक’ खात्यात टाकलेली रक्कम. नववं ‘इतर’ हवंच असेल तर ठेवा, पण ते एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांवर गेलं की उघडून बघा, आत एखादं आठातलंच खातं लपलेलं असतं. बाहेरचं खाणं किराण्यात मिसळू नका, एवढा एक नियम पाळा.

यूपीआयची यादी म्हणजे हिशोब नाही, पण कच्चा माल चांगला आहे. तीन-चार ठिकाणी ती फसवते. दुकानाऐवजी मालकाचं नाव दिसतं, आणि महिन्याभराने तो दूधवाला की पंक्चरवाला हे आठवत नाही; पैसे देतानाच शेऱ्याच्या जागी ‘दूध’ एवढं टाइप करा. यूपीआय लाइटमधून दिलेली छोटी रक्कम पासबुकात एकेक उमटत नाही, तिथे फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद दिसते, म्हणून चहा-समोसा शोधायला अॅपचा इतिहास बघावा लागतो. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे खर्चात धरले जातात. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक: कार्डावरची खरेदीही लिहिली आणि नंतर कार्डाचं बिल भरलं तेही लिहिलं. खर्च एकदाच, खरेदीच्या दिवशी लिहा. बिल भरणं ही फक्त देणं फेडल्याची नोंद.

रोख खर्च मात्र लिहूच नका. सोमवारी १,५०० रोख काढा, रविवारी रात्री पाकिटात उरलेले मोजा. गेले ते ‘रोख, भाजी-किरकोळ’. यूपीआयची यादी आठ खात्यांत वाटायला रविवारची पंधरा मिनिटं पुरतात. शंभर-दोनशेचा मेळ बसला नाही तर सोडून द्या. हिशोब सुटतो तो आळसाने कमी आणि पैन् पै जुळवण्याच्या हट्टाने जास्त.

माझं कूलर दुरुस्तीचं आणि वायरिंगचं काम आहे. मार्च ते जून महिन्याला ४२,००० सुटतात, बाकी आठ महिने १५,००० च्या आसपास. पगारदारांसारखं बजेट आम्हाला कसं जमणार? (सक्करदरा)

तुम्हाला पगारदारांपेक्षा जास्त गरज आहे, आणि जमतंही. स्वतःला पगार द्या.

आधी एक खात्री करा, ४२,००० हे सामानाचे पैसे वजा करून आहेत ना? पंप, मोटर, वुडवूल, कॅपॅसिटर यांचे गिऱ्हाइकाने दिलेले पैसे तुमची कमाई नाही, ते दुकानदाराचं देणं आहे. सीझनमध्ये दोन्ही एकाच खिशात राहतात आणि जुलैत सामानवाल्याची बाकी निघते, तेव्हा हात रिकामा असतो. सामानाच्या पैशाला वेगळं खातं किंवा निदान वेगळा डबा हवाच.

कमाई ठरली की गणित सोपं आहे. चार महिन्यांचे १,६८,००० आणि आठ महिन्यांचे १,२०,०००, एकूण २,८८,०००. सरासरी २४,००० येते, पण पगार २१,००० धरा. धंद्याचं खातं वेगळं, घराचं वेगळं. दर १ तारखेला धंद्यातून घरात २१,०००, मेमध्येही आणि ऑगस्टमध्येही. सीझनमध्ये दर महिन्याला २१,००० मागे राहतात, चार महिन्यांत ८४,०००. उरलेले आठ महिने ६,००० ची तूट भरायला ४८,००० लागतात. राहिले ३६,०००. ही उधळायची शिल्लक नाही. पुढच्या फेब्रुवारीत सामान रोखीने भरायला आणि सीझन पडला तर सांभाळायला ती ठेवायची. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, हवा गार राहिली की कूलरचे फोन थांबतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

३० जूनला धंद्याच्या खात्यात ४८,००० पेक्षा कमी असतील तर जुलैपासूनच पगार कमी करा, नोव्हेंबरची वाट बघू नका. आणि कुठलाही हप्ता घेताना तो ऑगस्टच्या कमाईत बसतो का ते बघा. मेमध्ये शोरूममध्ये उभं राहिल्यावर ६,००० चा हप्ता लहान वाटतो. ऑगस्टच्या १५,००० मध्ये तो चाळीस टक्के होतो.

आम्ही दोघी जावा आणि सासूबाई, एकत्र राहतो. वीज आणि पाण्याचं बिल आमच्याकडे, किराणा-दूध दिरांकडे. दर मे महिन्यात कुरबुर होते. यांचा पगार ७०,०००, दिरांचा ३०,०००. योग्य वाटणी कोणती? (महाल)

कुरबुरीचं मूळ वाटणीच्या पद्धतीत आहे. वीज चार महिने फुगते आणि नंतर उतरते, किराणा दर महिन्याला थोडा थोडा चढतो. त्यामुळे मेमध्ये तुम्हाला अन्याय वाटतो आणि दिवाळीत जाऊबाईंना. कोणी कुठलं बिल भरायचं ही वाटणी बंद करा आणि एक सामाईक खातं करा.

तीन महिन्यांचा सामाईक खर्च काढा: धान्य-किराणा, दूध-भाजी, वीज, पाणी, गॅस, घरपट्टी, कामवाल्या मावशींचा पगार, सासूबाईंची औषधं. समजा तो महिना ४५,००० निघाला. पगाराच्या प्रमाणात वाटला तर तुमच्याकडून ३१,५०० आणि दिरांकडून १३,५००. घरात जेवणारी माणसं कुणाची किती, हे मोजायला जाऊ नका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे; ताटं मोजायला लागलं की पाहुणे कुणाचे इथपर्यंत विषय जातो. ज्याचे-त्याचे मोबाइल, पेट्रोल, मुलांच्या फी आणि माहेरचे आहेर मात्र सामाईकात आणू नका. सासूबाईंची पेन्शन असेल तर ती त्यांच्याच हाती राहू द्या. प्रमाण दर एप्रिलला, पगारवाढीनंतर, एकदाच बदलायचं. मध्ये बदलायचं नाही.

भिशी बचतीत धरायची का? १२ जणी, २,००० रुपये, चिठ्ठी काढून नंबर. (त्रिमूर्तीनगर)

वर्षात २४,००० भरता आणि २४,००० च मिळतात, तेव्हा ती बचत आहे पण व्याजाशिवाय. पहिला नंबर लागला तर तुम्हाला बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटचा लागला तर तुम्ही ते इतरांना दिलंत. हिशोबात चूक होते ती नंबर लागल्यावर: २४,००० ‘मिळाले’ म्हणून उत्पन्नात लिहिले जातात. दुसऱ्याच महिन्यात नंबर लागला असेल तर त्यातले ४,००० तुमचे, बाकी २०,००० अजून द्यायचे आहेत. वहीत देणं म्हणून लिहा. बोलीची भिशी वेगळी. गरजू बाई कमी रकमेवर बोली लावून उचलते, सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते, म्हणजे ती व्याजच देत असते, फक्त त्याचा दर कुणी सांगत नाही. घरगुती भिशीची कुठेही नोंदणी नसते. मैत्रिणींच्या विश्वासावर जेवढी रक्कम बुडाली तरी घर हलणार नाही, तेवढीच लावा.

पगाराच्या किती टक्के खाण्यावर जावेत? ५०-३०-२० चा नियम पाळावा का? (धरमपेठ)

तो नियम (गरजांवर निम्मे, हौसेवर तीस टक्के, बचत वीस) अमेरिकेतून आलेला आहे. ४८,००० च्या पगारात भाडं, फी आणि किराणाच साठ-सत्तर टक्के खातो, तिथे तो नुसता अपराधी वाटायला लावतो. तुलना करायचीच तर सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाशी करा: शहरी भारतात माणशी महिना सरासरी खर्च ६,९९६ रुपये, त्यातला जवळजवळ ४० टक्के खाण्यापिण्यावर. लक्षात घ्या, हे टक्के खर्चाचे आहेत, पगाराचे नाहीत. आणि त्या चाळीसमधला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ११, धान्याचा नाही, दुधाचाही नाही. पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा आहे. तर्री-पोहे त्यातच आले.

वाण्याकडे उधारीचं खातं ठेवावं की रोखीने घ्यावं? (सोमवारी क्वार्टर)

खातं चालेल, अटी दोन. वही दोन असाव्यात, एक त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे, आणि माल घेताना दोन्हींत त्याच क्षणी लिहिलं जावं. आणि महिन्याची मर्यादा आधी सांगून ठेवा, ‘५,००० च्या वर देऊ नका’ असं स्पष्ट शब्दांत. मुलांना खात्यावर चॉकलेट-वेफर्स मिळणार नाहीत हेही त्याच वेळी सांगा. महिन्याला चारशे-पाचशे तिथूनच जातात.